सायरस मॅककॉर्मिकची लोहारशाळा
(गहू उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फाल्गुन लागला, उन्हाचा चटका वाढला, की गव्हाचे शेत चार-आठ दिवसांत हिरव्याचे पिवळे होते. या दिवसांत तुमची धावपळ कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको. पीक उभे असते, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर उक्ते सांगतात ते परवडत नाही, आणि आभाळात ढग दिसला की झोप उडते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्र्यंबक किंवा एनआय-५४३९ यांसारख्या वाणांची कापणी पीक पूर्ण पक्व होण्याच्या दोन-तीन दिवस आधी करावी, अशी शिफारस आम्ही करतो, कारण या वाणांचे दाणे झडतात. दाण्यात साधारण १५ टक्के ओलावा असताना विळा लागला पाहिजे. शिफारस लिहिणे सोपे आहे. नेमक्या त्या दोन-तीन दिवसांत दहा माणसे बांधावर उभी करणे किती अवघड असते, हे शेतकऱ्यालाच ठाऊक.

पेरणी थोडी मागेपुढे झाली तर चालते. कोळपणी चार दिवस लांबली तरी पीक हातचे जात नाही. कापणीला मात्र थांबता येत नाही. म्हणून जगात कोठेही, ज्या काळी फक्त विळा होता त्या काळी, शेतकरी गहू किती पेरतो हे त्याच्या जमिनीवर ठरत नसे. त्याच्या घरची आणि गावची माणसे आठ-दहा दिवसांत किती गहू सोंगू शकतील, यावर ते ठरत असे. विळ्याने एक माणूस दिवसभरात अर्धा एकर, फार तर थोडे अधिक उरकतो. म्हणजे दहा दिवसांत पाच एकर. हिशेब एवढाच.

हा हिशेब ज्या जागी मोडला, ती जागा आजही पाहायला मिळते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगररांगेच्या पश्चिमेस शेनँडोआ नावाचे खोरे आहे. तेथे वॉलनट ग्रोव्ह, म्हणजे अक्रोडाची राई, या नावाचे एक शेत आहे. सायरस मॅककॉर्मिक याचा जन्म १८०९ साली या शेतावर झाला आणि १८३१ साली त्याने येथेच घोड्याने ओढायचे कापणी यंत्र चालवून दाखविले. मॅककॉर्मिक घराण्याने १९५४ साली हे शेत व्हर्जिनियाच्या कृषी व तंत्र शिक्षण संस्थेला देऊन टाकले. ती संस्था आज व्हर्जिनिया टेक या नावाने ओळखली जाते. तेथे आता कृषी संशोधन व विस्तार केंद्र आहे आणि त्याच आवारात हे छोटेखानी संग्रहालय आहे. मला ते पाहायला मिळाले. आज तुम्हाला तेथे घेऊन जावे, असा विचार आहे.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत, संगमरवरी जिने आणि काचेची कपाटे येतात. तसे येथे काही नाही. विटांचे एक जुने घर आहे, पाण्याच्या लाकडी चाकावर चालणारी पिठाची गिरणी आहे आणि शेजारी लाकडाच्या ओंडक्यांनी रचलेली लोहारशाळा आहे. आत शिरलात की भट्टी आणि ऐरण दिसेल. आपल्या गावच्या लोहाराला तेथे नेऊन उभे केले, तर त्याला कोणाला काही विचारावे लागणार नाही. बाहेरची जमीन चढउताराची, खडे-दगडांची. हे चढउतार लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

सायरसचा बाप रॉबर्ट हा शेतकरी होता आणि हाताचा कारागीरही होता. कापणीचे यंत्र करायचे या ध्यासाने त्याने वर्षानुवर्षे या लोहारशाळेत खटपट केली. त्याच्या यंत्रात घोडा मागून यंत्राला ढकलत असे आणि फिरत्या दांड्या पिकाला वाकड्या विळ्यांवर दाबत असत. उभे, ताठ पीक त्याने थोडेफार कापले जाई. पण शेतातले पीक सगळे ताठ थोडेच असते? लोळलेल्या पिकात ते यंत्र गुंतून बसे. १८३१ साली बापाने नाद सोडला आणि बावीस वर्षांच्या मुलाने काम हाती घेतले.

आता जरा बारकाईने पाहू, कारण या यंत्राची एक प्रतिकृती तेथे ठेवलेली आहे आणि तिच्यापुढे उभे राहिल्यावर कोणाही शेतकऱ्याचा पाय निघत नाही. तुम्ही विळ्याने गहू कापता तेव्हा काय करता? डाव्या हाताने मूठभर धाटे धरता, विळा मागे घालता आणि ओढता. धाटे धरली नाहीत, तर ती विळ्यापुढे नुसती वाकतात. विळा नुसता दाबला आणि ओढला नाही, तरी धाट कापले जात नाही, चेंगरते. म्हणून तर दातेरी वैभव विळा हाताला हलका लागतो. सायरसच्या यंत्रात तुमचा डावा हात आणि उजवा हात हे दोन्ही आहेत. उजव्या हाताच्या जागी एक सरळ, दातेरी पाते आहे. ते आडवे, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, भराभर सरकते. डाव्या हाताच्या जागी पात्याच्या पुढे बोटांसारखी लोखंडी टोके आहेत. धाटे त्या बोटांच्या मधे अडकतात आणि पात्यापुढे वाकू शकत नाहीत. वरून एक मोठा लाकडी पंखा फिरतो. तो पिकाला हलकेच मागे ओढून पात्यावर आणतो आणि कापलेले पीक मागच्या फळीवर आडवे पाडतो. एका कडेला टोकदार लाकूड आहे, ते कापायचे पीक आणि उभे ठेवायचे पीक यांना वेगळे करते. या सगळ्यांना गती देण्यासाठी इंजिन नाही. एक मोठे चाक जमिनीवर फिरते, त्याच्या दात्यांवरून पाते आणि पंखा दोन्ही चालतात. आणि घोडा मागे नाही, पुढे, पण एका बाजूला जुंपलेला. म्हणजे तो कापून झालेल्या जागेतून चालतो, उभे पीक तुडवत नाही.

तुमच्या गावात पंजाबचे कम्बाइन आले, की इंजिन बंद असताना त्याच्या पुढे जाऊन उभे राहा. पंखा, बोटे, आडवे सरकणारे पाते, कडेचे दुभाजक, सगळे तसेच दिसेल. मागे मळणी आणि उफणणी जोडली गेली, घोड्याच्या जागी डिझेल आले. पीक तोंडात घेण्याची तऱ्हा मात्र लोहारशाळेतलीच आहे.

१८३१ च्या जुलै महिन्यात शेजारच्या स्टील्स टॅव्हर्न या ठिकाणी ओटच्या शेतात यंत्र चालवून दाखविले गेले. एका दुपारी सहा एकर ओट कापून झाले, असे सांगतात. पुढच्या वर्षी लेक्सिंग्टन गावाजवळ दुसरे प्रात्यक्षिक झाले. त्याची गोष्ट त्या भागात अशी सांगितली जाते. शेत चढउताराचे होते. यंत्र हेलकावे खाऊ लागले, ओंब्यांवर मार बसून दाणे झडू लागले. शेतमालक ओरडला की माझ्या गव्हाचा सत्यानाश होतोय, थांबवा. जमलेली माणसे हसू लागली. तेव्हा शेजारच्या एकाने कुंपण पाडून आपल्या सपाट शेतात यंत्र आणायला सांगितले आणि तेथे ते नीट चालले.

विस्तार कार्यात काम करणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार जवळची वाटते. प्रात्यक्षिक फसले की त्या गावात पाच वर्षे कोणी ऐकून घेत नाही. आणि दोष पुष्कळदा ना यंत्राचा असतो, ना शेतकऱ्याचा, तर शेताच्या निवडीचा असतो. तो शेतमालकही खोटे बोलत नव्हता. आजच्या कम्बाइनमध्येसुद्धा पंखा पुढे जाण्याच्या वेगाच्या मानाने फार जोरात फिरविला, तर तो ओंब्यांना झोडपतो आणि दाणे जमिनीवर सांडतात. चालकाला घाई असते, त्याला दुसरे शेत गाठायचे असते. तुम्ही पहिल्या फेरीनंतर मागे जाऊन जमिनीवर किती दाणे पडले ते पाहा आणि पंख्याचा वेग कमी करायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, पैसे तुम्ही मोजता.

यंत्र चालले १८३१ साली. पेटंट मिळाले २१ जून १८३४ रोजी. आणि गिऱ्हाईक? मधल्या काळात सायरसने लोखंड गाळण्याच्या धंद्यात हात घातला आणि १८३७ च्या मंदीत तो बुडाला, घराणे कर्जात गेले. मग पुन्हा यंत्राकडे लक्ष गेले. १८४२ साली सात यंत्रे विकली गेली, १८४३ साली एकोणतीस, १८४४ साली पन्नास. सगळी याच लोहारशाळेत हाताने केलेली. पहिल्या प्रात्यक्षिकापासून सात यंत्रे विकली जाईपर्यंत अकरा वर्षे लोटली.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला तो १९०३ साली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती, आणि पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी नव्या गोष्टीला नाही म्हणतो म्हणून त्याला अडाणी ठरविण्याची आम्हा शिकलेल्यांना खोड असते. मला ते पटत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर आहे, त्याने दुसऱ्याच्या शेतात दोन हंगाम पाहून मगच पैसे टाकावेत, यात गैर काय आहे?

या संग्रहालयावर एकाच माणसाचे नाव आहे, याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल याने १८२८ च्या सुमारास कापणी यंत्र चालविले होते, आणि त्याने पेटंट घेतलेच नाही. अमेरिकेत ओबेड हसी या माणसाने १८३३ च्या डिसेंबरात, म्हणजे मॅककॉर्मिकच्या आधी, आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले. हसीच्या यंत्राला पंखा नव्हता, पण त्याचे पाते आणि बोटांची रचना अधिक चांगली होती आणि पुढच्या यंत्रांनी तीच उचलली. खुद्द मॅककॉर्मिक घरातही श्रेय बापाचे की मुलाचे, यावर भावाभावांत वाद झाले.

आणि चौथे नाव जो अँडरसन. तो याच शेतावर गुलाम होता, जवळजवळ सायरसच्याच वयाचा. दोघे एकाच आवारात वाढले. यंत्र घडविताना लोहारशाळेत तो सायरसबरोबर राबला, आणि १८३१ च्या त्या दुपारी यंत्राच्या बाजूने चालत फळीवरचे कापलेले पीक दाताळ्याने ओढून जमिनीवर टाकणारा माणूस तोच होता, असे सांगतात. पेटंटवर त्याचे नाव नाही. असणे शक्यही नव्हते. गुलामाने शोध लावला तर त्याचे पेटंट ना त्याला मिळेल, ना त्याच्या मालकाला, असे अमेरिकन सरकारच्या कायदा सल्लागाराने १८५८ मध्ये लेखी कळविले होते. भट्टीपुढे कोणाच्या हातात हातोडा होता आणि कोणाच्या हातात सांडशी, कोणती युक्ती कोणाला आधी सुचली, हे आता कोणाला सांगता येणार नाही. त्या आवारात गुलामांच्या राहण्याची जागाही आहे. तुम्ही गेलात तर तीही पाहा. नुसती प्रतिकृती पाहून परत फिरू नका.

आता ते चढउतार आठवा. १८४४ साली सायरस पश्चिमेकडच्या सपाट मुलखात गेला. इलिनॉय राज्यात मैलोन्‌मैल सपाट जमीन, गहू पिकून उभा आणि कापायला माणसे नाहीत, म्हणून लोकांनी पिकात गुरे सोडलेली त्याने पाहिली, असे म्हणतात. व्हर्जिनियात त्याचे यंत्र ही एक चैन होती. येथे ती गरज होती. १८४६ साली बाप वारला. दुसऱ्या वर्षी सायरसने शिकागोत कारखाना घातला आणि १८४८ च्या हंगामासाठी पाचशे यंत्रे तयार केली. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे यंत्र ठेवले, तेव्हा तेथल्या एका नामांकित वर्तमानपत्राने सर्कशीतला रथ, हातगाडी आणि उडते यंत्र यांची ही भेसळ आहे अशी टिंगल केली होती. मग ओल्या, हिरवट गव्हात चाचणी झाली आणि सर्वोच्च पदक याच यंत्राला मिळाले.

शिकागोला गेल्यावर त्याने जे केले, ते मला यंत्राइतकेच महत्त्वाचे वाटते. यंत्राची किंमत १२० डॉलर होती. शेतकऱ्याने ३० डॉलर आधी द्यायचे, उरलेले पीक विकल्यावर. यंत्र तासाला दीड एकर कापील अशी लेखी हमी. गावोगाव प्रतिनिधी, त्यांच्याकडे सुटे भाग आणि ते बसवून देणारा माणूस. १८४८ मध्ये त्याच्या पेटंटची मुदत वाढवून द्यायला सरकारने नकार दिला. त्यानंतर तसे यंत्र कोणीही करू शकत होते, पुष्कळांनी केलेही. तरी शेतकरी त्याच्याकडे येत राहिले, कारण ऐन हंगामात पाते तुटले तर दुसरे कोठे मिळेल, हे त्यांना माहीत होते.

तुमच्यापैकी काहींनी अलीकडे लहान स्वयंचलित रीपर घेतले आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत. साधारण एक मीटर रुंदीचे, माणसाने मागे चालत धरायचे यंत्र दिवसाकाठी तीन-चार एकर गहू आडवा करते आणि पीक एका बाजूला ओळीत टाकते. आपल्या दोन-तीन एकरांच्या तुकड्यांना, बांधांना आणि अरुंद वाटांना हे यंत्र मोठ्या कम्बाइनपेक्षा सोयीचे आहे, असे माझे मत आहे. एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घ्यावे किंवा गटामार्फत भाड्याने आणावे. पण घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा : पात्याचे सुटे तुकडे आणि रिव्हेट तालुक्याच्या गावी मिळतील का? बोट वाकले तर कोण सरळ करून देईल? ऐन मार्चमध्ये तुमचा मिस्त्री किती वेळात येईल? हमी लेखी आहे की तोंडी? या प्रश्नांना जो उत्तर देऊ शकत नाही, त्याचे यंत्र दोन हजारांनी स्वस्त असले तरी महागच पडेल. शिवाय हंगाम संपला की पाते काढून, पुसून, तेल लावून ठेवा. बोथट पाते धाटे कापत नाही, ओढते आणि उपटते, आणि मातीसकट पेंढ्या खळ्यावर येतात. पीक लोळले असेल, तर ते ज्या बाजूला झुकले आहे त्याच्या समोरून यंत्र घाला.

कम्बाइनने बियाण्याचा प्लॉट कापणार असाल, तर यंत्र आत येण्यापूर्वी रिकामे चालवून झाडून घ्या. नाहीतर मागच्या शेतातला दुसऱ्या वाणाचा गहू तुमच्या बियाण्यात मिसळलाच म्हणून समजा.

एक गोष्ट त्या प्रतिकृतीपुढे उभे राहिल्यावरच ध्यानात येते. हे यंत्र फक्त कापत होते. मागे वाकून पेंढ्या बांधायला पुष्कळ माणसे लागतच होती. बांधणीचे यंत्र यायला आणखी चाळीसेक वर्षे गेली. ते आले तेव्हा आधी तारेने बांधत असे. तारेचे तुकडे वैरणीतून गुरांच्या पोटात जाऊ लागले. शेतकऱ्यांनी तक्रारींचा भडिमार केला आणि १८८० च्या सुमारास सुतळीने बांधणारी यंत्रे आली. जनावर मरते तेव्हा यंत्राचा कितीही मोठा फायदा शेतकऱ्याला दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे कम्बाइनबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, की भुसा शेतभर उडतो आणि दावणीला काही उरत नाही. ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत, त्याने कम्बाइनच्या भाड्यात वाया गेलेल्या भुशाची किंमत धरून मगच मजुरीशी तुलना करावी. आणि कापणीनंतर सरवा वेचायला येणाऱ्या बायांचे काय, हाही प्रश्न आहेच. रीपरमागे पेंढ्या बांधायला त्यांना काम राहते, कम्बाइनमागे राहत नाही. शिकागोच्या कारखान्याचा हिशेब लिहिणाऱ्यांनी हा रकाना कधी भरला नाही. आम्हीसुद्धा आमच्या अर्थशास्त्राच्या तक्त्यांत तो क्वचितच भरतो.

त्या शेतावर आज मांसासाठी पाळलेली गुरे आणि त्यांना लागणारी चराऊ कुरणे यांवर प्रयोग चालतात. संग्रहालय पाहायला प्रवेश फी नाही. अमेरिकेत तुमचा मुलगा-मुलगी किंवा कोणी नातेवाईक असेल आणि तुमचे जाणे झाले, तर ८१ क्रमांकाच्या मोठ्या रस्त्यावरून रॅफिन गावाकडे वळा, तेथून ते जवळच आहे. आपल्यापैकी काही जणांनी भाड्याच्या दराबद्दल चिठ्ठ्या पाठविल्या आहेत, त्या आता घेतो.